गाठी मारणारी पॉला

बेटी पेजचे ते ब्लॅक अँड व्हाइट ‘फेटिश’ फोटो कुणाचे, असं विचारलं की उत्तर येतं: आयर्विंग क्लॉ. न्यूयॉर्कमधलं ‘मूव्ही स्टार न्यूज’ हे दुकान त्याचं, टपालाने फोटो विकायचा धंदाही त्याचाच. पण मॉडेलला पोझ समजावणारी, दोरीच्या गाठी मारणारी आणि अनेकदा कॅमेऱ्यामागेही उभी असणारी होती त्याची बहीण, पॉला.

हे कळल्यावर मी ते फोटो पुन्हा पाहिले. नग्नता नाहीच, कायद्याच्या धाकाने ती कटाक्षाने टाळलेली. उंच टाचा, दोरी, साधीशी खोली. बेटीच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा मिश्कीलपणाच जास्त. हे नाटक आहे, हे तिलाही ठाऊक आणि आपल्यालाही. बांधणाऱ्या व्यक्तीवर भरवसा असल्याशिवाय असा चेहरा होत नाही, असं मला वाटतं.

१९५५मध्ये सिनेटर केफॉवर यांच्या समितीने आयर्विंगला चौकशीला बोलावलं. पुढे दबावाला कंटाळून त्याने निगेटिव्ह जाळायला काढल्या. पॉलाने त्यातल्या काही गुपचूप वाचवल्या. भावाचं तिने ऐकलं नाही, म्हणून आज आपल्याला हे फोटो दिसतात. फोटोखाली नाव मात्र भावाचंच. पुढच्या वेळी शेअर कराल, तेव्हा पॉलाचंही लिहा.