बालकांचे कमी वजन आणि 'कौटुंबिक' घटक : ऊसतोड कुटुंबांच्या संदर्भात एक चिकित्सा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६.० टक्के, तर २०१९-२१ मध्ये ३६.१ टक्के होते. या स्थितीची मीमांसा करताना आईचे शिक्षण, अल्पवयातील विवाह, दोन अपत्यांतील अंतर, शौचालय व आर्थिक स्तर या कौटुंबिक घटकांवर भर दिला जातो. हे घटक महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांची मांडणी स्थिर घर गृहीत धरते.

कडा परिसरासह बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांना हे गृहीतक लागू पडत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे, म्हणजेच एक 'कोयता', दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाते व उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. आई पहाटेच फडात जाते. स्तनपानाच्या व वरच्या आहाराच्या वेळा मोडतात. अंगणवाडी गावात राहते, बालक कोपीत असते. पाचव्या सर्वेक्षणाचे महाराष्ट्रातील क्षेत्रकार्य जून ते डिसेंबर २०१९ या काळात झाले. गाळप हंगामाचा मोठा भाग त्याबाहेर राहिला.

युनिसेफने १९९० साली कुपोषणाची तात्कालिक, अंतर्निहित व मूलभूत अशी कारणे मांडली. त्या दृष्टीने पाहता उचल हे मूलभूत कारण ठरते. केवळ आईच्या अज्ञानावर बोट ठेवणारे विवेचन म्हणूनच अपुरे आहे. स्थलांतराचे महिने हा स्वतंत्र घटक मानून, जाण्यापूर्वी व परतल्यावर अशा दोन्ही वेळी बालकाचे वजन नोंदविल्याशिवाय 'कौटुंबिक कारणे' या संज्ञेला अर्थ प्राप्त होणार नाही.