एकांत : मागितलेला आणि लादलेला

मालेसारख्या गावात तुरुंगावर बोलायचं तर फार लांबून सुरुवात करावी लागत नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहात याच खोऱ्यातली माणसं आपल्या बुडणाऱ्या जमिनींसाठी तुरुंगात गेली. म्हणून एका कलमाची चिकित्सा आम्ही इथेच करतो आहोत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ब्रिटिशांचा दंड गेला, न्याय आला, असं सांगितलं गेलं. पण तिची ११ आणि १२ ही कलमं पाहा. १८६० च्या दंड संहितेतली ७३ आणि ७४ ही कलमंच तिथे नवा क्रमांक लावून बसली आहेत. सक्तमजुरीच्या कैद्याला एकूण तीन महिन्यांपर्यंत एकांतवास देता येतो, एका वेळी मात्र चौदाच दिवस. विधी आयोगाने १९७१ मध्येच, आपल्या ४२ व्या अहवालात, ही शिक्षा काढून टाका म्हटलं होतं.

कोणी विचारेल, न्यायाधीश ही शिक्षा हल्ली देतातच कुठे? बरोबर. खरा एकांतवास घडतो तो कोर्टाच्या हुकमाशिवाय. १८९४ च्या तुरुंग कायद्यात फाशीच्या कैद्याला वेगळ्या कोठडीत ठेवा असं होतं. १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात घटनापीठाने स्पष्ट केलं, की वेगळी कोठडी म्हणजे एकांतवास नव्हे. आणि अपील, दयेचा अर्ज सगळं संपल्याशिवाय तीही नाही. तरीही बेळगावच्या तुरुंगात बी. ए. उमेश हा कैदी २००६ पासून वर्षानुवर्षं एकटा कोंडला गेला. त्याचा गुन्हा भयंकर होता, बलात्कार आणि खून. आम्ही त्याची वकिली करत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये त्याला सोडलं नाही. हा एकांतवास बेकायदा ठरवून फाशी रद्द केली आणि किमान तीस वर्षांची कैद ठेवली. म्हणजे १९७८ चा निकाल त्या कोठडीच्या दारापर्यंत पोचलाच नव्हता.

का पोचला नाही? आमच्या मते दोष कलमाच्या रचनेत आहे. कायदा एकांतवासाचे दिवस मोजतो, पण एकांतवास म्हणजे काय हे सांगत नाही. मग तुरुंगाने त्यालाच ‘सुरक्षा’ किंवा ‘वेगळी कोठडी’ म्हटलं की मोजणी थांबली! संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत व्याख्या आहे : दिवसातले २२ तास किंवा जास्त, माणसाशी अर्थपूर्ण संपर्काशिवाय. सलग १५ दिवसांवर तर मनाईच.

आपल्या भाषेत ‘एकांत’ हा गोड शब्द आहे. पण तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले ते आपल्या पायांनी, आणि उतरून लोकांत आले. ज्याला उतरता येत नाही, त्याच्या अवस्थेला तोच शब्द लावणं ही फसवणूक आहे. ‘मी’ कोण हे माणसाला दुसऱ्याच्या बोलण्यातून कळत असतं. ते बोलणं तोडणं ही देहदंडाइतकीच शिक्षा आहे.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच : कलमं काढा; तुरुंगाच्या कायद्यात तासांची आणि संपर्काची व्याख्या घाला; आणि एकट्या ठेवलेल्या प्रत्येक कैद्याची नोंद, कोठडीचं नाव काहीही असो, जिल्हा न्यायाधीशांकडे आठवड्याच्या आत जाऊ द्या. उमेशचा एकांतवास कोर्टाला दिसला तो फाशीचा प्रश्न होता म्हणून. ज्याला पाच वर्षांची शिक्षा आहे, त्याचा कोणाला दिसणार?