‘तिप्पट प्रोलॅक्टिन’ म्हणजे नेमकं किती? शतावरीवरचा एक पेपर वाचताना

शतावरीवर प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्या दोन पानांत एक वाक्य हमखास येतं: शतावरीने बाळंतिणीचं प्रोलॅक्टिन तिपटीहून जास्त वाढतं, हे सिद्ध झालंय. पुढे कंसात ‘गुप्ता आणि शॉ, 2011’. मीही ते वाक्य लिहिलं होतं. मूळ पेपर नंतर उघडला, आणि आधी उघडायला हवा होता.

हा पेपर इराणियन जर्नल ऑफ फार्मास्युटिकल रिसर्चमधला. 60 स्तनदा माता, यादृच्छिक विभागणी, डबल ब्लाइंड. म्हणजे आराखडा चांगला आहे, उगाच नाक मुरडू नका. शतावरी घेतलेल्या गटात प्रोलॅक्टिन सरासरी 32.87 टक्के वाढलं, दुसऱ्या गटात 9.56 टक्के. आता भागाकार करा. 32.87 भागिले 9.56, साधारण 3.4. ‘तिप्पट’ आलं ते इथून!

तिप्पट झाली ती वाढीची टक्केवारी, प्रोलॅक्टिन नव्हे. दोन्ही गट 100 वरून निघाले असं धरलं तर एक 133 वर पोचला आणि दुसरा 110 वर. फरक आहे, पण तो साधारण 21 टक्क्यांचा. सारांशातलं वाक्य मात्र असं बेतलंय की घाईत वाचणाऱ्याला 100 चे 300 झाले असं वाटावं. आणि आपण सगळे घाईतच वाचतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे दूध वाढलं का? बाळाने ओढलं की प्रोलॅक्टिन चढतं, मग उतरतं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत त्याची मूळ पातळीही हळूहळू खाली येते. त्यामुळे रक्त पाजण्याआधी घेतलं की नंतर, यावर आकडा हलतो. शिवाय दूध एकदा नीट सुरू झालं की ते किती येणार हे मुख्यतः स्तन किती वेळा आणि किती रिकामे होतात यावर ठरतं. रक्तातल्या प्रोलॅक्टिनवरून दुधाचं माप काढता येत नाही. या पेपरात बाळाचं वजनही पाहिलंय, ते बरंच. पण सोबत आईचं समाधान आणि बाळाचा ‘आनंद’ही मोजलाय. बाळाचा आनंद कसा मोजायचा, हे व्हायवाला कुणी विचारलं तर काय सांगाल?

आता 1996 चा इंडियन पेडिअॅट्रिक्समधला पेपर घ्या. तोही यादृच्छिक, डबल ब्लाइंड, दूध कमी पडणाऱ्या मातांवर. तिथे प्रोलॅक्टिनमध्ये फरक दिसला नाही, बाळांच्या वजनवाढीतही नाही. मग शतावरी निकामी? तसंही म्हणता येत नाही, कारण त्या औषधात शतावरीसोबत इतर वनस्पती होत्या. पण प्रस्तावांत 2011 चा पेपर सापडतो आणि 1996 चा गायब असतो, ही आपली लबाडी. दोन्ही लिहा. परीक्षक चिडत नाहीत, उलट खुलतात.

‘हार्मोनल बॅलन्स’ हा शब्द तर प्रस्तावातून काढूनच टाका. एस्ट्रॅडिओल, एलएच, एफएसएच महिनाभर वरखाली होतात, ते तसेच व्हायला हवेत. मग ‘संतुलन’ कुठल्या दिवशी, कुठल्या आकड्याला म्हणायचं? शतावरीच्या मुळांत स्टेरॉइडल सॅपोनिन आहेत, त्यांना शतावरिन म्हणतात, हे खरं. पण ‘स्टेरॉइडल’ शब्द दिसला म्हणून ते बाईच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं असं होत नाही. उंदरावरच्या निष्कर्षावरून थेट आपल्या मावशीवर उडी मारायची नसते.

मग काम करायचं कुठे? समजा तुम्ही कुडपणला गेलात. पोलादपूर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या अंगावरचं, घाट चढून जावं लागणारं छोटं गाव. तिथे क्लिनिकल ट्रायल होणार नाही, तेवढ्या बाळंतिणी एका वेळी मिळणारच नाहीत. ‘शतावरी घेतल्यावर दूध वाढलं का?’ असंही विचारू नका. पाहुण्याने असं विचारलं तर ‘हो’च येतं. त्याऐवजी विचारा: बाळंतिणीला पहिला महिना काय काय दिलं? कुणी सांगितलं? मूळ स्वतः खणलं की पोलादपूरहून कल्पाचा डबा आणला?

हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. ताजं मूळ आणि शतावरी कल्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कल्पात साखर बरीच असते आणि तो दुधातून घेतात. म्हणजे बाईच्या पोटात रोज पेलाभर दूध जास्तीचं जातं, सोबत अळिवाचे लाडू, थोडी विश्रांती, सासूचं किंवा आईचं लक्ष. यातलं नेमकं काय लागू पडलं? तुलनेचा गट ठेवायचाच असेल तर त्यालाही तसेच गोड दाणे दुधातूनच द्यायला हवेत.

वनस्पतीची ओळखही पक्की करा. शतावरीची सुईसारखी दिसतात ती पानं नव्हेत, पानांचं काम करणाऱ्या फांद्या आहेत, आणि अॅस्परॅगसच्या जाती त्यांवरून चटकन एकसारख्या वाटतात. फुलं किंवा फळं असलेला नमुना दाबून हर्बेरियमला द्या, त्याचा क्रमांक प्रबंधात लिहा. मुळांचा अख्खा झुपका खणून काढला तर वेल जातो, म्हणून नमुन्यापुरतंच घ्या. आणि गावात पाऊल टाकण्याआधी ग्रामपंचायतीकडे जा. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिथे जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, लोकजैवविविधता नोंदवही तिच्याकडे असते. शतावरीची नोंद त्यात आधीच असेल तर तुमचा ‘पहिल्यांदाच नोंदवलेला वापर’ पहिला नाही. हे खणायच्या आधी कळलेलं बरं.