मोझांबिकच्या बिशपांची शांतिपत्रे : एक परामर्श

यादवी युद्धाच्या काळात धर्माध्यक्षांनी काढलेली शांतीची आवाहने वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. त्यांतील वाक्यांना बहुधा कर्ता नसतो. हिंसा ‘होते’, रक्त ‘सांडते’, शांती ‘प्रस्थापित व्हावी’ असे म्हटले जाते. परंतु कोणी कोणाशी काय करावे, हे वाचकाला अखेरपर्यंत कळत नाही. अशा पत्राने कोणाचे मन दुखावत नाही, आणि कोणी जागचा हलतही नाही. यिर्मया संदेष्ट्याने ज्या उथळ मलमपट्टीवर कोरडे ओढले, तिच्याच जातीचे हे लेखन होय. या पार्श्वभूमीवर मोझांबिकच्या कॅथॉलिक बिशपांनी १९८७ साली काढलेले ‘लोकांना हवी असलेली शांती’ हे पालकीय पत्र वेगळे उठून दिसते. त्याचा, आणि त्यानंतर जे घडले त्याचा, येथे थोडा परामर्श घ्यावा असा आमचा मानस आहे.

गोमंतकीय वाचकाला मोझांबिक अगदीच परके नाही. फादर गोंसालो द सिल्वेरा १५६० साली गोव्याहूनच तिकडे गेले व पुढील वर्षी मोनोमोतापाच्या दरबारी मारले गेले. १६१२ पर्यंत तेथील ख्रिस्तसभा गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारात होती, आणि १७५२ पर्यंत त्या प्रदेशाचा राज्यकारभारही गोव्यातून चाले. तेव्हा त्या ख्रिस्तसभेच्या गुणदोषांत आपलाही काही वाटा आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

दोषांपासूनच आरंभ केलेला बरा. १९४० च्या करारान्वये पोर्तुगीज राजसत्तेने मिशनकार्याला आश्रय व पैसा दिला, आणि मोबदल्यात ख्रिस्तसभेने वसाहतवादाशी सोयरीक जोडली. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात बहुसंख्य बिशप मौन पाळून होते. अपवाद होते, नाही असे नाही. ‘गोऱ्या धर्मगुरूं’च्या संघाने १९७१ साली निषेध म्हणून देश सोडला. तेते प्रांतातील विरियामू येथे डिसेंबर १९७२ मध्ये पोर्तुगीज सैन्याने केलेली कत्तल मिशनरी धर्मगुरूंच्या नोंदींमुळेच जगापुढे आली. नांपुलाचे बिशप मानुएल व्हिएरा पिंतो यांना १९७४ साली हद्दपार व्हावे लागले. पण अपवादांनी हिशेब पुसला जात नाही. २५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला. फ्रेलिमो पक्षाने शाळा व रुग्णालये ताब्यात घेतली, धर्माचरणावर बंधने आणली. तेव्हा ‘वसाहतवाल्यांचे मित्र आता आम्हाला शांती शिकवणार काय?’ हा सत्ताधाऱ्यांचा प्रश्न उद्दाम असला तरी निराधार नव्हता. बिशपांना उसंत मिळाली ती एवढ्याचसाठी की, स्वातंत्र्याच्या सुमारास आलेशांद्रे दोस सांतोस व जायमे गोंसाल्व्हिस यांच्यासारखे भूमिपुत्र धर्मपीठावर आले होते.

आता पत्राकडे वळू. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: सरकारने हत्यारबंद प्रतिपक्षाशी बोलणी करावीत. आज हे साधे वाटते. १९८७ साली ते साधे नव्हते. रेनामो या संघटनेला राज्याच्या अधिकृत भाषेत ‘सशस्त्र डाकू’ असे नाव होते, आणि डाकूशी वाटाघाटी करावयाच्या नसतात. सरकारी वृत्तपत्रे पत्रावर तुटून पडली. त्यांचा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. रेनामोची उभारणी ऱ्होडेशियाच्या हेरखात्याने केली, १९८० नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने तिला पोसले, हे इतिहासाला मान्य आहे. पत्र निघून तीन महिनेही लोटले नव्हते तोच, १८ जुलै १९८७ रोजी, इनहांबाने प्रांतातील ओमोइने येथे चारशेहून अधिक माणसे कापली गेली. रेनामोने आरोप नाकारला. पण बहुतेक निरीक्षकांचे बोट तिच्याकडेच होते. अशा हातांशी हस्तांदोलन करा म्हणणे हा मृतांचा अपमान नव्हे काय?

आमच्या मते, बिशपांच्या बाजूचे उत्तर सरकारच्याच कृतीत होते. कळसूत्री बाहुलीशी नव्हे, सूत्रधाराशी बोलावे, हे तत्त्व धरून समोरा माशेल यांनी मार्च १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी न्कोमाती करार केला होता. युद्ध थांबले नाही. याचा अर्थ असा की, बाहेरून आणलेल्या ठिणगीला आत कोठेतरी सरपण मिळत होते. सक्तीने वसविलेली सामुदायिक खेडी, गावमुखियांची मानहानी, धर्म व पितरांविषयीची तुच्छता, पुनर्शिक्षणाच्या छावण्या: हे ते सरपण. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तियां जफ्रे यांनी १९९० साली नांपुला प्रांताच्या अभ्यासावरून हेच विस्ताराने मांडले. बिशपांना ते आधी उमगले, कारण त्यांचे धर्मगुरू व धर्मभगिनी त्याच खेड्यांतून राहात होत्या. मात्र बाहेरच्या हातावर कोरडे ओढण्यापेक्षा घरातील संवादावरच पत्राचा सारा भर पडला, आणि त्यामुळे प्रिटोरियाची जबाबदारी काहीशी झाकली गेली, ही टीका आम्हाला अंशतः ग्राह्य वाटते.

या पत्राची खरी कसोटी त्याच्या शब्दांत नाही. आपण दिलेला सल्ला स्वतः पाळण्याची तयारी लेखकांनी दाखविली, ही त्याची थोरवी. बैराचे आर्चबिशप गोंसाल्व्हिस १९८८ साली जंगलात जाऊन रेनामोचे नेते अफोन्सो ढ्लाकामा यांना भेटले. दोघेही न्दाऊ भाषिक. मातृभाषेत बोलणे झाले की डाकू हा शब्द टिकणे कठीण जाते. हेच गोंसाल्व्हिस त्यापूर्वी, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, रोमच्या संत एजिदियो समुदायाच्या मध्यस्थीने इटलीचे साम्यवादी नेते एन्रिको बेर्लिंग्वेर यांच्याशीही बोलले होते, ते फ्रेलिमोचे मन धर्माविषयी थोडे मऊ व्हावे म्हणून! १९८९ साली नैरोबी येथे कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट नेते एकत्र बसून रेनामोच्या प्रतिनिधींशी बोलले. अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांचे श्रम येथे विसरता कामा नयेत. जुलै १९९० मध्ये रोममध्ये प्रत्यक्ष वाटाघाटी सुरू झाल्या. मध्यस्थ चौघे: गोंसाल्व्हिस, संत एजिदियोचे आंद्रेआ रिक्कार्दी व फादर मात्तेओ झुप्पी (हे पुढे कार्डिनल झाले), आणि इटलीचे मारिओ राफाएल्ली. दोन वर्षांहून अधिक काळ घासाघीस चालली, आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी सह्या झाल्या. तोवर सुमारे दहा लाख माणसे युद्ध, भूक व रोग यांनी मेली होती, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

येथवर स्तुती. परंतु ईशज्ञानाच्या अंगाने आम्हाला एक आक्षेप नोंदविलाच पाहिजे. सह्यांनंतर त्याच महिन्यात संसदेने सरसकट माफीचा कायदा केला. सत्यशोधन आयोग नेमला गेला नाही. ओमोइनेचे काय, पुनर्शिक्षणाच्या छावण्यांतून न परतलेल्यांचे काय, याची जाहीर विचारणा झाली नाही. आपल्या शिकवणुकीत समेटाच्या संस्काराला पश्चात्ताप, पापांगीकार आणि प्रायश्चित्त अशी अंगे आहेत. ज्याचा उच्चार झाला नाही त्याची क्षमा कशी व्हावी? बंदुका खाली ठेवण्यासाठी माफी अपरिहार्य होती, असे राजकारणी म्हणतील, आणि त्यात तथ्यही आहे. मात्र संसदेने जे सोडून दिले ते ख्रिस्तसभेने वेदीसमोर उचलून धरावयाचे होते. १९९५ साली सुरू झालेला शस्त्रांच्या बदल्यात अवजारे देण्याचा उपक्रम सुंदर होता, पण त्याने लोखंड गोळा झाले, साक्षी गोळा झाल्या नाहीत. गोरोंगोझाच्या परिसरात मृत सैनिकांचे आत्मे जिवंतांना झपाटतात व न्याय मागतात, असे लोक मानीत राहिले आणि वैदूंकडे जात राहिले. त्या रांगा पाहून आपल्या पाप-निवेदनाच्या पेटीविषयी कोणा धर्मगुरूला प्रश्न पडले नसतील, असे आम्हाला वाटत नाही. २०१३ साली दोन्ही पक्षांत पुन्हा चकमकी सुरू झाल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक करार करावा लागला.

दरम्यान ऑक्टोबर २०१७ पासून उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात निराळेच बंड पेटले. पेंबाचे बिशप लुइझ फेर्नांदो लिस्बोआ यांनी जाळलेल्या खेड्यांविषयी व निर्वासितांविषयी स्पष्ट शब्दांत बोलण्यास आरंभ केला, आणि पुनश्च तीच ओरड कानी आली की, बिशप देशाची बदनामी करतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांची ब्राझीलमध्ये बदली झाली. १९८७ च्या पत्राचे सूत्र येथे जसेच्या तसे लावता येत नाही. तेव्हा जंगलात भेटावयास एक ढ्लाकामा होता, त्याची भाषा बिशपाला येत होती. काबो देल्गादोत बोलावयाचे कोणाशी, हे ठरविणेच आधी कठीण आहे. आणि वायूचे साठे, माणिकांच्या खाणी व बेकार तरुण यांविषयी बोलावयाचे तर तो पत्ता जंगलातला नसून मापुतोतला आहे.