मिसरी लेखनपद्धति आणि मोडी कागदांचें लिप्यंतर

शिरूर व दौंड तालुक्यांतील जुन्या वाड्यांतून निघालेल्या मोडी कागदांच्या बाळबोध नकला अलीकडे बऱ्याच होऊं लागल्या आहेत. हा उद्योग स्तुत्य आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्या ज्या पद्धतीनें केल्या जातात तिजविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त झालें आहे. भीमेच्या व घोडनदीच्या कांठचे हे कागद कसर, वाळवी व ओल यांच्या तोंडीं आहेत. आणि मूळ कागद नाहींसा झाला म्हणजे नक्कल हीच मूळ होऊन बसते. मग तींत शिरलेली चूक कोणासही काढतां येत नाहीं. आमचा आक्षेप थोडक्यांत हा कीं, नक्कल करणारा कागदावर काय आहे तें न लिहितां स्वतःस काय समजलें तें लिहितो, आणि या दोहोंमधील सीमा पुसून टाकतो.

हा आक्षेप स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही प्राचीन मिसर देशाच्या लेखनाचा दाखला घेतों. मोडी आपल्या अंगवळणीं पडलेली असल्यामुळें तींत काय लिहिलें जात नाहीं हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. परक्या लिपींत तें चटकन् दिसतें.

मिसरी लेखन म्हणजे चित्रलिपि, घुबड काढलें असेल तेथें घुबड समजावें, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. ती चुकीची आहे. घुबडाचें चित्र हें सामान्यतः ‘म्’ या व्यंजनाचें चिन्ह होय. या लिपींतील चिन्हांचीं कामें तीन प्रकारचीं असतात. कांहीं चिन्हें अखंड शब्द दाखवितात. कांहीं एका, दोन किंवा तीन व्यंजनांचा ध्वनि दाखवितात. आणि कांहीं मुळींच उच्चारलीं जात नाहींत, तर आधींचा शब्द कोणत्या वर्गांतला एवढेंच सांगतात. एकच चिन्ह प्रसंगानुसार निरनिराळीं कामें करतें. घराच्या आराखड्याचें चिन्ह घेऊं. त्याखालीं एक उभी रेघ असली तर अर्थ ‘घर’. त्याच चिन्हापुढें ‘र्’चें चिन्ह व चालणारे दोन पाय काढले असले तर अर्थ ‘बाहेर जाणें’. दोन्ही शब्दांत प् व र् हींच प्रमुख व्यंजनें आहेत. भेद दाखविला तो पायांनीं, आणि ते पाय उच्चारांत येत नाहींत.

आमच्या शास्त्रग्रंथांत ‘सैंधव आण’ हें उदाहरण प्रसिद्ध आहे. भोजनसमयीं सैंधव म्हणजे मीठ, प्रयाणसमयीं घोडा. हा निर्णय आम्ही प्रकरणावरून करतों. मिसरी लेखक तें प्रकरणच शब्दाच्या शेवटीं चित्ररूपानें लिहून ठेवीत असे. गांवाच्या नांवामागून तो चव्हाट्याचें वाटोळें चिन्ह काढी. आमचे कुळकर्णी ‘मौ।’ किंवा ‘क॥’ लिहून पुढील नांव मौजे गांवाचें कीं कसब्याचें हें आधींच सांगत, त्यासारखाच हा प्रकार होय. भेद इतकाच कीं, आमची खूण आधीं येते व वाचली जाते, त्यांची शेवटीं येते व वाचली जात नाहीं.

अर्थाविषयीं इतकी काळजी घेणारी ही लिपि स्वर मात्र लिहीत नाहीं. ‘सुंदर, चांगलें’ या अर्थाचा शब्द न्-फ्-र् असा लिहिलेला सांपडतो. विद्वान् लोक त्यास ‘नेफेर’ म्हणतात, तें केवळ तोंडांत बसावें म्हणून मध्यें एकार घालून. मिसरी भाषेचें उत्तरकालीन रूप जी कॉप्टिक, ती ग्रीक अक्षरांत स्वरांसह लिहिली जाई. तींत हाच शब्द ‘नूफे’ असा आहे. परंतु कोणीही जबाबदार संपादक ‘नेफेर’मधील एकार मूळ दगडावर आहे असें म्हणत नाहीं. तो आधीं न्-फ्-र् हीं व्यंजनें देतो, आपली भर निराळी ठेवतो. आमचा मुद्दा तो हाच.

ही शिस्त सहज आलेली नाहीं. सतराव्या शतकांत किर्खर नांवाच्या पंडितानें प्रत्येक चिन्ह गूढार्थाचें मानून मिसरी लेखांचीं लांबलचक तत्त्वज्ञानपर भाषांतरें केलीं. तीं सर्व निराधार ठरलीं. १७९९ सालीं रोझेटा येथें एकाच मजकुराचा, मिसरीच्या दोन लिप्यांत व ग्रीकांत कोरलेला, इ. स. पू. १९६ मधील शिलालेख सांपडला. आणि १८२२ सालीं शांपोलियों यानें राजांच्या नांवांभोंवतीं काढलेल्या लांबट वलयांतील चिन्हें जुळवून वाचनाची किल्ली मिळविली. त्याचें बळ केवळ तर्काचें नव्हतें. त्यास कॉप्टिक भाषा उत्तम येत होती. लिपि उकलावयाची तर भाषा यावी लागते. दफ्तरी मराठींतील फारसी शब्द ज्यास ठाऊक नाहींत त्यानें मोडी वर्णमाला पाठ केली तरी त्यास कागद लागत नाहीं, याचें कारणही हेंच.

आतां मोडीकडे वळूं. मोडी ही ब्राह्मीच्या कुळांतील अक्षरलिपि. तींत स्वर लिहिले जातात, म्हणून मिसरीशीं तिचें साम्य मर्यादित आहे. परंतु दगडावरील चित्रें बोरूशाईनें भरभर लिहितां लिहितां मिसरांत जशी हिएराटिक ही वळणदार लिपि चालू झाली, तशीच मोडीही जलद लेखनाची लिपि होय. आणि जलद लेखनांत जाणत्या वाचकास जें सांगावें लागत नाहीं तें लेखक गाळतो. मोडींत आधीं ओळ आंखून अक्षरें तिला टांगलेलीं असतात, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हें नसतात, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळला जात नाहीं. ‘पुर’ म्हणजे नगर आणि ‘पूर’ म्हणजे नदीचा लोंढा, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, हीं मोडींत एकरूप होतात.

यावरून एका वादाचा निकाल लागतो. गांवाचें नांव ‘शिरूर’ कीं ‘शिरुर’? पाट्यांवर दोन्ही दिसतात, आणि ‘जुन्या कागदांत ऱ्हस्व आहे’ असा पुरावा पुढें केला जातो. हा पुरावाच नव्हे. जी लिपि भेद करीत नाहीं तिची साक्ष त्या भेदाविषयीं घेतां येत नाहीं. इंग्रजी गॅझेटियराची साक्षही निरुपयोगी. तेथें शिरूरचें ‘सिरूर’ व दौंडाचें ‘धोंड’ झालेलें आहे. एखाद्या शब्दाच्या मात्रा पाहावयाच्याच असतील तर त्या मात्रावृत्तांत पाहाव्या. शेजारच्या बारामतीस राहिलेल्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्या यासाठीं कुळकर्ण्यांच्या दफ्तराहून अधिक उपयोगी आहेत, कारण तेथें मात्रा मोजलेल्या असतात.

संक्षेपांची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘ता।’ या खुणेचा अर्थ तर्फ, तालुका किंवा तारीख असा प्रसंगानुसार होतो. ‘मौ। अमुक ता। पाटस’ यांतील ‘ता।’ सरसकट ‘तालुका’ असा सोडविला कीं पेशवाईंतील तर्फेच्या जागीं आजचा तालुका येऊन बसतो, आणि गांवाच्या इतिहासांत नसलेला कारभार शिरतो. मिसरींत एक उभी रेघ म्हणजे १ हा अंकही होतो, आणि ‘हें चित्र त्या वस्तूचेंच’ अशी खूणही होते. तीन रेघा म्हणजे ३ किंवा अनेकवचन. आमच्याकडेही ‘सु॥’ म्हणजे सुहूर आणि ‘४॥’ म्हणजे साडेचार. ही खूण कोणी ‘११’ अशी टंकिली तर साडेचार बिघे इनामाचे चारशें अकरा बिघे होतील! कालगणनेंतही तेंच. ‘सलास सितैन मया व अलफ’ हा सुहूर सन ११६३, म्हणजे इ. स. १७६२-६३. तोच फसली समजला तर ५९९ ऐवजीं ५९० मिळविले जातात, आणि पानिपतानंतरचा कागद पानिपताच्या पूर्वींचा होतो.

यावर कोणी म्हणेल कीं, सरदेसायांनीं १९३० पासून पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग बाळबोधांतच छापले, मग आम्हांसच ही ताकीद कां? उत्तर असें कीं, त्यांचीं मुळें पुण्याच्या पुराभिलेखागारांत आहेत. शंका आली तर रुमाल सोडून पाहतां येतो. पाबळच्या किंवा पाटसच्या एखाद्या घरांतील एकुलत्या कागदास तो आधार नाहीं. वाचकांस संक्षेप बोजड वाटतात, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. म्हणूनच उलगडा द्यावा, पण चौकटी कंसांत द्यावा.

सारांश, नक्कल करणारांनीं चार गोष्टी पाळाव्या. संक्षेप व आंकड्यांच्या खुणा जशाच्या तशा उतराव्या. ओळ जेथें तुटते तेथें ती तोडावी. मूळच्या ‘सक’चें ‘शक’ किंवा ‘सके’चें ‘शके’ करूं नये. शुद्धलेखनाचा अभिमान शाळेंत शोभतो, दफ्तरांत नाहीं. आणि ऱ्हस्वदीर्घ आपण घातले आहेत हें आरंभीं स्पष्ट सांगावें. नकलेसोबत मूळ कागदाचें छायाचित्र ठेवणें तर आतां कोणासही कठीण नाहीं. मोडीचा ठसा मिळत नाहीं ही सबबही उरलेली नाहीं. युनिकोडांत मिसरी चिन्हांस २००९ सालीं व मोडीस २०१४ सालीं जागा मिळाली आहे.

मिसरी भाषा बोलणारे गेले, तरी त्यांचे लेख दगडावर राहिले म्हणून पुढें वाचतां आले. आमचे लेख दगडावर नाहींत, कागदावर आहेत. ज्यांच्या घरीं असे रुमाल आहेत त्यांनीं नक्कल करून घेण्यापूर्वीं या चार गोष्टींचा आग्रह धरावा, आणि नक्कल हातीं आली म्हणून मूळ कागद टाकून देऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.