लेप्टोसायॉनला ‘पूर्वज’ म्हणण्याआधी

श्वानकुळाच्या उत्क्रांतीवर काम करायचं असेल, तर टेडफर्ड, वांग आणि टेलर यांचा २००९ चा मोनोग्राफ तुम्हाला टाळता येणार नाही. उत्तर अमेरिकेतल्या कॅनिनी उपकुळाचे जीवाश्म इतक्या बारकाईने एकत्र मांडणारं दुसरं काम नाही. पण त्यातलं लेप्टोसायॉनचं प्रकरण सावधपणे वाचा.

लेप्टोसायॉन म्हणजे कोल्ह्याएवढा, सडपातळ जबड्याचा प्राणी. उपदाढा अरुंद, मध्ये फटी. मॅथ्यू यांनी १९१८ मध्ये ही प्रजाती नोंदवली. ऑलिगोसीन ते मायोसीन, म्हणजे २ कोटींहून जास्त वर्षं ती टिकली असं मानतात.

खरी अडचण इथेच आहे. हे जबड्या-दातांचं वैशिष्ट्य पूर्ण उपकुळाचंच आहे, एकट्या लेप्टोसायॉनचं नाही. मग त्याची वेगळी ओळख काय? तर पुढच्या कोल्ह्यांची आणि कुत्र्यांची नवी लक्षणं त्याच्यात नाहीत, एवढीच! क्लॅडोग्राम बघा: त्याच्या जाती एका फांदीवर येत नाहीत, खोडावर ओळीने लागतात. असा गट पॅराफायलेटिक. लेखकांनी सोयीसाठी जुनं नाव ठेवलं. ते समजू शकतं. पण त्याची किंमत वाचक मोजतो.

समजा, तुम्ही प्रजाती मोजून विविधतेचा आलेख काढलात. या सगळ्या जातींची त्यात एकच नोंद होईल. वर ‘लेप्टोसायॉन नामशेष झाला’ असंही दिसेल, जेव्हा त्याच खोडाचे वंशज आज जिवंत आहेत.

म्हणून डेटा जातींच्या पातळीवर भरा. नाव आहे म्हणजे गट खरा आहे, असं धरून चालू नका.