खुर्च्या कोणासाठी मांडल्या आहेत?

कांडिडा होफर यांच्या छायाचित्रांत माणसं नसतात. ग्रंथालयं, नाट्यगृहं, संग्रहालयं, राजवाडे अशा वास्तूंचे अंतर्भाग त्या चार दशकांहून अधिक काळ टिपत आल्या आहेत आणि त्यांतली बहुतेक दालनं रिकामी आहेत. खुर्च्या मांडलेल्या, दिवे लागलेले, पुस्तकं जागच्या जागी, फक्त माणूस नाही. अंतर्भागाच्या छायाचित्रणाची आजची ताकद आणि त्याची आजची कोंडी या दोन्ही गोष्टी या एका छायाचित्रकाराच्या कामात स्पष्ट दिसतात, म्हणून आधी तिथेच थांबायला हवं.

होफर यांचा जन्म १९४४ चा, बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातला. १९७३ ते १९८२ या काळात त्या ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत होत्या. तिथे आधी चित्रपट आणि मग बेर्न्ड बेखर यांच्या वर्गात छायाचित्रण शिकल्या. बेर्न्ड आणि हिला बेखर हे दाम्पत्य जुन्या झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे यांची कृष्णधवल छायाचित्रं करत असे: नेहमी समोरून, ढगाळ उजेडात, भावनेचा एकही थेंब न सांडता. थॉमस श्ट्रूट, थॉमस रुफ, आन्द्रेआस गुर्स्की हे सगळे त्याच वर्गातून निघाले. होफर यांनी गुरूंची शिस्त उचलली, पण रंग सोडला नाही.

त्यांच्या सुरुवातीच्या कामात मात्र माणसंच माणसं होती. सत्तरच्या दशकात त्या जर्मनीत कामासाठी आलेल्या तुर्की कुटुंबांची छायाचित्रं घेत होत्या: किराणा दुकानात, चहाच्या खोलीत, बागेतल्या सहलीत, घरच्या बैठकीत. परक्या देशात आपली खोली कशी मांडावी, भिंतीवर काय लावावं, पाहुण्याला कुठे बसवावं, हे सगळं त्या चित्रांत आहे. पुढे कॅमेरा घेऊन लोकांच्या आयुष्यात शिरण्याचा त्यांना संकोच वाटू लागला. जागा माणसाला कशी वागायला लावते हे माणूस नसतानाच अधिक कळतं, अशी त्यांची धारणा झाली आणि दालनं रिकामी होत गेली. या निर्णयामागे प्रामाणिकपणा होता असं मी मानतो. त्याची किंमत काय पडली, तेही पाहायला हवं.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या जुन्या ग्रंथालयाचं २००४ सालचं त्यांचं चित्र घ्या. सुमारे ६५ मीटर लांबीचं ते दालन, वर लाकडी कमानीचं छत, दोन्ही बाजूंना दुमजली कपाटं आणि प्रत्येक कपाटाच्या तोंडाशी एक संगमरवरी अर्धपुतळा. कॅमेरा मधोमध आहे. उभ्या रेषा उभ्याच आहेत, कारण भिंग जरा जरी वर झुकलं की भिंती मागे रेलल्यासारख्या दिसतात आणि दालनाचा तोल जातो. उजेड खोलीचा स्वतःचा, वेगळे दिवे आणलेले नाहीत. पाहणाऱ्याची नजर रांगेतून आत जाते आणि त्या भव्यतेपुढे नमते. पण आता पुतळ्यांकडे पाहा. प्लेटो, ॲरिस्टॉटल, शेक्सपियर, न्यूटन, स्विफ्ट... सगळे पुरुष. या कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला १९०४ मध्ये, म्हणजे या छायाचित्राच्या बरोबर शंभर वर्षं आधी. आणि या दालनात स्त्रियांचे पहिले अर्धपुतळे बसले ते २०२३ मध्ये: रोझलिंड फ्रँकलिन, एडा लव्हलेस, मेरी वॉलस्टनक्राफ्ट आणि ऑगस्टा ग्रेगरी. होफर यांच्या चित्रात हा सगळा इतिहास जसाच्या तसा नोंदला गेला आहे. ही खोली कोणाची वाट पाहत होती आणि कोणाची नव्हती, हे त्यात उघड दिसतं.

दिसतं खरं, पण चित्र ते बोलत नाही. आक्षेप इथूनच सुरू होतो. होफर यांचे प्रिंट पुष्कळदा माणसाच्या उंचीपेक्षा मोठे असतात. त्यापुढे उभं राहिलं की आपण दालनात उभे आहोत असं वाटतं आणि त्या वाटण्यातच प्रश्न विरून जातो. त्यांच्या आधीच्या चित्रांत छोट्या प्रतीक्षालयातली प्लास्टिकची खुर्ची, भिंतीवरची वायर, उगाच पडलेला टेबलफॅन यांना मान होता. पुढे सोनेरी महिरपी आणि झुंबरं वाढली. जगातली सर्वांत श्रीमंत दालनं सर्वांत श्रीमंत छायाचित्रांत बसली.

त्यांच्या कामातलं मला सर्वांत थोर वाटतं ते ‘बारा’. रोदँच्या ‘कॅलेचे नागरिक’ या शिल्पाचे बारा ओतीव नमुने जगभर विखुरलेले आहेत. होफर यांनी २००० आणि २००१ मध्ये ते सगळे त्यांच्या त्यांच्या जागी टिपले आणि २००२ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडले. शहरासाठी मरायला निघालेली तीच सहा माणसं; लंडनमध्ये संसदेशेजारच्या बागेत, न्यूयॉर्कमध्ये संग्रहालयाच्या गुळगुळीत फरशीवर. इथे भव्यता नाही, तुलना आहे. जागा बदलली की त्याच माणसांचं दुःख किती वेगळं दिसतं, हे कुठल्याही भाष्याविना कळतं.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. श्ट्रूट यांनी संग्रहालयांच्या दालनांत पाहणाऱ्यांची गर्दी ठेवली आणि त्यामुळे त्यांची चित्रं आजही श्वास घेतात. रॉबर्ट पोलिडोरी यांनी २००५ च्या कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समधल्या चिखलाने माखलेल्या घरांत जाऊन घेतलेली छायाचित्रं सुंदर आहेत, आणि ती इतकी सुंदर असावीत का, हा प्रश्न मनातून जात नाही. एलेन बिने फिल्मवरच काम करतात. वास्तुरचनाकार पीटर झुमथोर यांच्या वास्तूंतला एखादा कोपरा, एखादी सावली त्या अशी पकडतात की अख्खी इमारत दाखवायची गरज उरत नाही. आणि या सर्वांच्या पलीकडे बाजार आहे: फ्लॅटच्या जाहिराती, हॉटेलांची पानं, सजावटीची मासिकं. तिथे वाइड-अँगल भिंगाने दहा बाय बाराची खोली सभागृह होते, तीन-चार एक्स्पोजर एकत्र करून सावल्या पुसल्या जातात आणि आता तर बांधून न झालेल्या खोलीचं ‘छायाचित्र’ संगणकच काढतो. त्या खोल्यांतही माणूस नसतो. पण तिथला रिकामेपणा ग्राहकाला म्हणतो, ये, ही जागा तुझी. होफर यांच्या दालनातला रिकामेपणा आधी तिथे कोण होतं ते शोधायला लावतो. हा फरक जिथे पुसला जातो तिथे ही कला संपते.

तो फरक सर्वांत ठामपणे जपणारी छायाचित्रकार आपल्याकडची आहे. दयानिता सिंह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकल्या. त्यांचं पहिलं पुस्तक मुंबईच्या तबलावादक झाकीर हुसेन यांच्यावरचं, १९८६ चं. पुढे त्यांचा कॅमेराही रिकाम्या खोल्यांकडे वळला. २००५ च्या ‘चेअर्स’मधल्या खुर्च्यांना तर स्वभाव आहेत. पण २०१३ चं ‘फाइल रूम’ हे पुस्तक आपल्या प्रत्येक वाचकाने पाहावं. त्यात आपले सरकारी आणि खासगी दफ्तरखाने आहेत: लोखंडी रॅक, कापडात गाठ मारून बांधलेले रुमाल, कडा झिजलेल्या फायली, छतापर्यंत गेलेले ढीग. त्या गाठी कोणीतरी मारल्या आहेत. कुठला कागद कुठे आहे हे एखाद्या कारकुनालाच ठाऊक असणार. माणूस चित्रात नाही, पण त्याचा हात प्रत्येक गाठीवर आहे. होफर यांच्या दालनांत व्यवस्था संस्थेची असते. सिंह यांच्या दफ्तरखान्यांत ती काम करणाऱ्याची असते. व्हेनिस बिएनालेच्या जर्मन दालनात २००३ मध्ये होफर होत्या आणि २०१३ मध्ये सिंह. या दहा वर्षांच्या अंतरात ही कला एक पाऊल पुढे गेली, आणि ते पाऊल भारतीय होतं, असं मी जबाबदारीने म्हणतो.

मग महाराष्ट्रात काय? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू शंभर वर्षांहून जुनी होती. आपण नटांची छायाचित्रं घेतो, प्रयोगांची घेतो, उद्घाटनांची तर घेतोच. पडदा पडल्यावरचं नाट्यगृह, खुर्च्यांच्या रांगा, विंगेतला दोरखंड, रंगपटातला आरसा कोण टिपतं? पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. गावोगावच्या वाचनालयांत वर्तमानपत्रांची टेबलं, देणगीदारांचे फलक, संस्थापकांच्या हार घातलेल्या तसबिरी आहेत. आपल्या समाजाने वाचायला कोणाला बसवलं आणि कोणाला दाराशी ठेवलं, याचा पुरावा त्या मांडणीतच आहे.

छायाचित्रकारांना आणि वाचनालयांच्या, नाट्यगृहांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे: एका सकाळी, कुलूप उघडल्यावर आणि लोक येण्याआधी, प्रत्येक दालनाचं एक नीट छायाचित्र घ्या. टेबल सरकवू नका, ट्यूबलाइट मालवू नका, फलकावरची धूळ पुसू नका. खाली तारीख आणि खोलीचं नाव लिहा आणि त्याची एक प्रत त्या वास्तूबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा.